रोज वापरातली काळी गाडी पुण्यात चकचकीत कशी ठेवायची

काळ्या गाडीवर ओरखडे जास्त पडत नाहीत. पांढऱ्या गाडीवर पडतात तेवढेच पडतात, फक्त काळीवर ते दिसतात. का दिसतात हे एकदा नीट समजलं की पुढची निम्मी काळजी आपोआप सुचते, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

गाडीच्या सगळ्यात वर पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. समोरून पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ४ टक्के प्रकाश या थराच्या पृष्ठभागावरूनच परत फिरतो, बाकीचा आत जातो. पांढऱ्या गाडीत आत गेलेला बराचसा प्रकाश खालच्या रंगावरून उसळून पुन्हा बाहेर येतो आणि त्या झगमगाटात एखाद्या बारीक रेघेने विखुरलेला प्रकाश लपून जातो. काळ्या गाडीत आत गेलेला प्रकाश काळा रंग गिळून टाकतो. तुम्हाला दिसतं ते केवळ पृष्ठभागावरचं प्रतिबिंब. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्यांचे गजसुद्धा दारावर रेखीव दिसतात. रेघा असतील तर प्रत्येक रेघेची कड प्रकाश विखुरते आणि काळ्यावर पांढरी चमकते. अशा हजारो रेघा जमल्या की काळा रंग राखाडी दिसायला लागतो. रंग उडालेला नसतो, वरचा थर खरवडलेला असतो.

उन्हात गाडीवरच्या सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती या रेघा गोल-गोल दिसतात, त्यांना स्वर्ल म्हणतात. गोलाई हा भास आहे. रेघा सगळ्या दिशांना पडलेल्या असतात, पण त्यातल्या ज्या त्या प्रतिबिंबाभोवती वळसा घेतल्यासारख्या असतात तेवढ्याच प्रकाश आपल्या डोळ्यांकडे पाठवतात. म्हणून फडका गोल फिरवण्याऐवजी सरळ फिरवला तर रेघा पडायच्या थांबत नाहीत, पण पडल्या तर एकाच दिशेला पडतात आणि ठरावीक कोनातूनच दिसतात. तेवढा फायदा घ्यायचा, त्यावर विसंबून राहायचं नाही.

आता जाडी पाहू. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग काळा बेस कोट आणि वर क्लिअर कोट. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण ९० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतं. त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे ज्या थरावर सगळी चमक अवलंबून आहे तो केसापेक्षा पातळ. उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्यंही याच थरात असतात. पॉलिश म्हणजे हा थर घासून कमी करणं, जोपर्यंत रेघांचा तळ आणि पृष्ठभाग एका पातळीवर येत नाहीत तोपर्यंत. एकदा गेलेला क्लिअर कोट परत येत नाही. दर दिवाळीला रबिंग-पॉलिश करून आणलेल्या गाड्यांच्या छतावर आणि बॉनेटवर काही वर्षांनी पांढरे पोपडे दिसतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

त्यामुळे आमचं म्हणणं एवढंच आहे: काळ्या गाडीची चमक तिला काय लावलं यावर ठरत नाही, तिला किती वेळा आणि कशाने स्पर्श केला यावर ठरते. खाली सगळं सविस्तर दिलंय ते याच हिशेबाने.

सकाळचा फडका

पुण्याच्या बहुतेक सोसायट्यांमध्ये महिना ठरवून गाड्या पुसणारे दादा पहाटे येतात. एक बादली, एक-दोन फडके आणि ओळीने पंधरा-वीस गाड्या. पहिल्या गाडीची धूळ त्याच बादलीतून दहाव्या गाडीला लागते. त्यांची चूक नाही, तेवढ्या पैशांत आणि तेवढ्या वेळात दुसरं काही शक्यच नसतं. पण काळ्या गाडीच्या बहुतेक रेघा इथेच पडतात.

इथली धूळ साधी मातीची नाही. दख्खनचा खडक बेसाल्टचा, बांधकामावर वापरतात ती क्रश सँडही तोच खडक फोडून केलेली. त्यातली फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजं कठीणपणाच्या १ ते १० अशा मोह्स मापावर ५ ते ६.५ च्या दरम्यान येतात, म्हणजे सुरीच्या पात्याच्या जवळपास किंवा त्याहून कठीण. क्लिअर कोट त्यापुढे फारच मऊ. बाणेर, वाघोली, हिंजवडी, जिथे कुठे शेजारी इमारत उभी राहतेय तिथे रात्रभरात बॉनेटवर या कणांचा थर बसतो. नुसता बसलेला थर काही करत नाही. त्यावर फडका फिरला की तो घासतो.

म्हणून पहिला बदल फुकटचा आहे. दादांना सांगायचं: ‘दादा, बॉडीला फडका लावू नका. फक्त काचा, आरसे आणि टायर करा. महिन्याचे पैसे तेवढेच.’ कुणी नाही म्हणत नाही. अडचण येते ती ते सुट्टीवर गेल्यावर बदली माणूस येतो तेव्हा. त्यासाठी ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेला आतून ‘बॉडी पुसू नये’ अशी छोटी पाटी लावून ठेवा.

गाडी आठवडाभर धुळकट दिसेल, ते सहन करावं लागतं. मेणाच्या धाग्यांचे डस्टर, पिवळे फ्लॅनेलचे फडके, जुने बनियन, यातलं काहीही कोरड्या धुळीवर चालवायचं नाही. हिवाळ्यात पहाटे दव पडतं, धूळ ओली होते आणि लोकांना वाटतं आता पुसायला हरकत नाही. तेवढ्या ओलाव्याने कण उचलले जात नाहीत, चिखल होऊन फडक्याला चिकटतात. अगदीच कुठे जायचं असेल तर बॅटरीवरच्या हवेच्या ब्लोअरने सैल धूळ उडवा. कापडी कव्हरचंही तसंच: धुवून कोरड्या केलेल्या गाडीवर आणि बंद जागेत ठीक. धुळीच्या गाडीवर कव्हर चढवून ती उघड्यावर ठेवली तर वारा रात्रभर ते कव्हर घासत राहतो.

पाणी तपासल्याशिवाय धुवू नका

काळ्या गाडीचा दुसरा शत्रू पाण्याचे डाग. खडकवासल्याच्या धरणसाखळीतून येणाऱ्या महापालिकेच्या पाण्यात क्षार कमी असतात, बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यात बरेच जास्त. बऱ्याच सोसायट्यांत पिण्याचा नळ एका टाकीचा आणि पार्किंगचा नळ दुसऱ्याच टाकीचा असतो, त्यामुळे घरचं पाणी चांगलं म्हणून खालचंही चांगलं असेल असं धरू नका. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतो. पार्किंगच्या नळाखाली धरून आकडा बघा. १०० च्या आत असेल तर जरा चपळाईने पुसून घेतलं की काम भागतं. ३०० च्या पुढे असेल तर थेंब सुकण्याआधी टिपलाच पाहिजे. बोअरचं पाणी अनेक ठिकाणी ५०० च्या पुढे जातं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० ही स्वीकार्य मर्यादा आहे, पण पिण्यायोग्य पाणी डाग न पाडणारं असतंच असं नाही.

आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी साठवून गाडी धुण्याची पद्धत घराघरांत आहे. पाणी वाचवण्याचा हेतू उत्तम, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. ते लादी पुसायला, संडास-बाथरूमला वापरा. उलट आरओचं शुद्ध पाणी ५-६ लिटर कॅनमध्ये भरून खाली न्या आणि गाडी धुवून झाल्यावर शेवटी छतापासून हळूहळू ओता, पंप स्प्रेने मारलं तरी चालेल. नळाचं खारं पाणी खाली ढकललं जातं आणि मागे राहतं ते जवळपास निर्क्षार पाणी. एवढ्या एका गोष्टीने डागांचा त्रास खूप कमी होतो.

डाग पडलेच तर ते दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात क्षार नुसते वर बसलेले असतात. साधं पांढरं व्हिनेगर आणि आरओचं पाणी सम प्रमाणात घेऊन मायक्रोफायबरचा (बारीक कृत्रिम धाग्यांचा) फडका भिजवा, गार पॅनलवर मिनिटभर ठेवा, उचला, पाण्याने धुवा. व्हिनेगर सुकू द्यायचं नाही. दुसऱ्या प्रकारात क्षारांनी क्लिअर कोटमध्ये खड्डा केलेला असतो. तो व्हिनेगरने जात नाही, पॉलिशनेच जातो, तेही खोल नसेल तर. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी बारा वाजता धुतलेल्या गाडीवर पहिल्या प्रकाराचे डाग फार पटकन दुसऱ्या प्रकारात जातात. काळा पत्रा उन्हात इतका तापतो की हात ठेववत नाही, थेंब सुकायला क्षणभर पुरतो. म्हणून धुणं सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर. पालथा हात पॅनलवर ठेवून बघा, ऊब लागली तर थांबा.

आठवड्याचं धुणं

चिखल नसेल, फक्त धूळ असेल, तर बेसमेंटमध्येसुद्धा होणारी आणि १० लिटर पाण्यात आटपणारी पद्धत म्हणजे रिन्सलेस वॉश, म्हणजे नंतर पाणी न ओतता धुणं. त्यातलं द्रव्य धुळीचे कण वेढून घेतं, त्यामुळे ते पृष्ठभागावर घासण्याऐवजी फडक्यात ओढले जातात. ऑप्टिमम नो रिन्ससारख्या द्रव्याचं प्रमाण १ ला २५६ आहे, म्हणजे १० लिटरला साधारण ४० मिली. जास्त घातलं तर जास्त साफ होत नाही, उलट काळ्यावर तेलकट पट्टे राहतात. झाकणाने अंदाजे ओतू नका, औषधाच्या मापाने मोजा.

बादलीत आठ मायक्रोफायबर फडके भिजवून ठेवा. तेच पाणी दोन लिटरच्या पंप स्प्रेमध्ये भरून एका पॅनलवर भरपूर मारा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. ही मिनिटं कधीही वाचवू नका, कण सुटे होतात ते तेव्हाच. मग एक फडका चौपदरी घडी करून, हलकासा पिळून, पॅनलवर सरळ रेषेत एकदा ओढा. दाब फडक्याच्या वजनाएवढाच. घडीची बाजू बदला, पुढचा पट्टा. चौपदरी घडीला आठ स्वच्छ बाजू मिळतात. आठ संपल्या की फडका बाजूला टाका, तो बादलीत परत जात नाही. हा नियम मोडला की पुन्हा त्या पहाटेच्या बादलीशी येऊन पोहोचलात. क्रम वरून खाली: छत, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, आणि सगळ्यात शेवटी दारांच्या खालची पट्टी आणि मागचा बंपर, कारण सगळ्यात जाड कण तिथे असतात. लगेच कोरड्या मोठ्या टॉवेलने टिपा. टॉवेल पॅनलवर पसरा, दोन कोपरे धरून अलगद ओढा. घासून कोरडं करायचं नाही.

जून ते सप्टेंबर हे जमत नाही. खालच्या भागावर चिखल आणि वाळू असते, तिथे आधी जोराच्या पाण्याने सगळं सुटलं पाहिजे. प्रेशर वॉशरचा नोझल ३०-४० सेंटिमीटर लांब धरा. फोमच्या बाटलीत लिटरला ६० ते १०० मिली न्यूट्रल पीएचचा कार शाम्पू, फोम चार-पाच मिनिटं राहू द्या, सुकायच्या आत धुवा. त्यानंतरच हात लावायचा, आणि तोही दोन बादल्यांनी: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी, दोन्हीच्या तळाशी जाळी. मिट (हातमोज्यासारखा धुण्याचा फडका) शाम्पूत बुडवा, एक पॅनल पुसा, साध्या पाण्यात जाळीवर खळबळून काढा, मग पुन्हा शाम्पूत. चाकं सगळ्यात आधी, वेगळ्या बादलीने आणि वेगळ्या ब्रशने, कारण ब्रेकची लोखंडी पूड त्या पाण्यात उतरते.

भांड्यांच्या साबणाने गाडीवर लावलेलं वॅक्स निघून जातं. कपड्यांच्या पावडरचे न विरघळलेले कण ओरखडतात. केसांच्या शाम्पूच्या पुड्याही नकोत, त्यात केस मऊ करणारी द्रव्यं असतात आणि ती काळ्यावर धुरकट थर ठेवतात.

बाहेरच्या वॉशिंग सेंटरला जाणं भाग असेल तर एवढंच करून घ्या: ‘फोम मारा, पाणी मारा, हात लावू नका, मी पुसतो.’ सर्व्हिसिंगला गाडी देताना जॉब कार्डावर ‘वॉशिंग करू नये’ असं लिहून घ्या आणि सही करण्याआधी वाचा. फुकट मिळणाऱ्या त्या धुण्यात वर्षभराची मेहनत जाते. नवी गाडी घेत असाल तर हेच डिलिव्हरीच्या आधी शोरूमला लेखी कळवा.

फडक्यांबद्दल थोडं. बॉडीसाठी ३५० ते ४०० जीएसएमचे (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये), शिवलेली कड नसलेले. टिपायला ८०० च्या पुढचा पिळदार धाग्यांचा मोठा टॉवेल. टॅग कापून टाका. बॉडी, खालचा भाग, चाकं आणि काचा यांचे रंग वेगळे ठेवा. जमिनीवर पडलेला फडका त्या दिवशी बॉडीला परत लावायचा नाही. धुताना सुती कपड्यांबरोबर टाकू नका, सुताचे धागे अडकतात. लिक्विड डिटर्जंट, पाणी ४० अंशांपर्यंत, आणि कपड्यांचं सॉफ्टनर अजिबात नाही, त्याने धाग्यांची टिपण्याची ताकद जाते. गॅलरीत वाळत घातले तर रस्त्याची धूळ त्यावरच बसते. घरात पंख्याखाली वाळवा आणि झिपच्या पिशवीत ठेवा.

झाडं, पक्षी, सण

सावलीसाठी झाडाखाली गाडी लावणं काळ्या गाडीला महागात पडतं. कोरेगाव पार्कसारख्या भागात वडांखाली पक्षी फळं खाऊन घाण करतात. त्यात आम्ल असतं आणि बारीक बियाही. आम्ल तापलेल्या क्लिअर कोटला खातं, आणि तुम्ही घाईने पुसायला गेलात तर बिया रेघा ओढतात. गाडीत पाण्याची छोटी स्प्रे बाटली आणि टिश्यू ठेवा. टिश्यू भिजवून त्यावर पाच मिनिटं ठेवा, मग चिमटीत धरून वर उचला. पुसायचं नाही, उचलायचं. उन्हाळ्यात हे काही तासांतच करावं लागतं. झाडांवरच्या किड्यांनी सोडलेला चिकट रसही असाच भिजवून काढतात.

उड्डाणपुलाच्या किंवा मेट्रोच्या कामाखालून जाताना सिमेंटचं पाणी ठिबकलं तर नखाने खरवडू नका. व्हिनेगर-पाण्याचा ओला फडका काही मिनिटं ठेवा, धुवा, उरलं तर पुन्हा.

रंगपंचमीच्या आधीच्या आठवड्यात गाडीवर वॅक्सचा किंवा सीलंटचा (कृत्रिम संरक्षक द्रव्याचा) ताजा थर असू द्या, रंग त्यावर बसतो आणि धुण्यात निघून जातो. गणपतीतला गुलालही कोरडा झटकायचा नाही, आधी ब्लोअर, मग पाणी.

दसऱ्याला पूजा करताना हळद-कुंकू बॉनेटवर लावण्याऐवजी काचेवर किंवा नंबर प्लेटवर लावा, आणि झेंडूचा हार दोऱ्यात ओवलेला घ्या. तारेच्या हाराचं टोक सिंहगड रोडच्या खड्ड्यांतून घरी पोहोचेपर्यंत बॉनेटवर घासत राहतं. पूजा मनोभावे व्हावी आणि रंगही राहावा, यात काही विरोध नाही.

पॉलिश: क्वचित, पण नीट

आधी पृष्ठभाग खरोखर स्वच्छ करावा लागतो. डांबराच्या ठिपक्यांना टार रिमूव्हर. लोखंडाच्या कणांना आयर्न रिमूव्हर: तो फवारला की कण जिथे रुतलेत तिथे जांभळे ओघळ येतात, वास उग्र असतो, तीन-चार मिनिटांत धुवून टाकायचा. मग प्लास्टिकची पातळ पिशवी हातात घालून पॅनलवर बोटं फिरवा. खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ वडी, भरपूर शाम्पूच्या पाण्यावर. काळ्या गाडीवर क्ले नेहमीच थोड्या रेघा सोडतो, त्यामुळे पुढे पॉलिश करणार नसाल तर क्ले लावूच नका.

जाडी मोजणारा गेज पत्र्यावर लावून प्रत्येक पॅनलचे चार-पाच आकडे लिहून ठेवा. सगळीकडे ११० असताना एका दारावर २०० आले तर ते दार पुन्हा रंगवलेलं आहे. ८० च्या आसपास आकडा आला तर तिथे मशीन लावू नये. साधा गेज प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही, आणि प्लास्टिकवरची उष्णता पसरतही नाही, म्हणून बंपरवर हात हलकाच ठेवायचा.

गॅरेजमध्ये बहुतेक वेळा रोटरी मशीन असतं. ते एकाच अक्षाभोवती फिरतं, एका जागी पटकन तापतं आणि काळ्यावर उन्हात लाटांसारखे सरकणारे पट्टे सोडतं. त्यांना होलोग्राम म्हणतात. घरी किंवा डिटेलरकडे (गाडीची सफाई-पॉलिश करणाऱ्याकडे) ड्युअल अॅक्शन मशीनचा आग्रह धरा. त्याचं पॅड फिरतं तसंच डोलतंही, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही.

पद्धत अशी. कडा आणि रबराच्या पट्ट्यांना मास्किंग टेप. कडांवर आणि बॉडीच्या घडीवर क्लिअर कोट पातळ असतो, तिथेच जळतो. आधी बॉनेटवर दोन वीत लांब-रुंद चौकोन घेऊन चाचणी करा, सगळ्यात सौम्य जोडीपासून: मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. पाच इंची पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. बंद मशीनने आधी पसरवा, मग वेग चार-पाचवर ठेवून सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर अशा संथ गतीने आडव्या-उभ्या चार-सहा फेऱ्या. पुसून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणाने तेल काढा आणि टॉर्च तिरका धरून बघा. पुरेसं वाटलं तर हीच जोडी सगळ्या गाडीला. नसेल तरच कंपाउंड (जास्त घासणारं पॉलिश), आणि त्यानंतर पुन्हा फिनिशिंग. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने किंवा हवेने साफ करा. काळ्यावर धुकट झाक येते ती बहुतेक वेळा भरलेल्या पॅडमुळे किंवा जास्त दाबामुळे. वेग कमी करा, दाब सोडा, नवं पॅड लावा. मऊ क्लिअर कोटच्या गाड्यांवर शेवटच्या फेऱ्या मशीनच्या निव्वळ वजनावरच करायच्या.

नखाची चाचणी लक्षात ठेवा. रेघेवरून नख अलगद फिरवलं आणि अडकलं, तर ती पॉलिशने जाणार नाही. लक्ष्मी रोडला दुचाकीच्या हँडलने दिलेली रेघ बहुधा या वर्गातली. तिचा मागोवा घेत क्लिअर कोट संपवू नका. कडा गोलावून थोडी फिकी करा आणि सोडून द्या.

बाहेर पॉलिश करून घेतलंत तर पैसे देण्याआधी एका कोपऱ्यात अल्कोहोलचा ओला फडका फिरवून टॉर्च मारा. रेघा परत उगवल्या तर त्या काढलेल्या नाहीत, ग्लेझ नावाच्या तेलकट द्रव्याने बुजवल्यात. दोन-तीन धुण्यांत सगळं पूर्ववत होतं.

नीट धुतल्या जाणाऱ्या गाडीला सौम्य पॉलिश दीड-दोन वर्षांतून एकदा पुरतं. त्यात साधारण १ ते २ मायक्रॉन जातात. दहा वर्षांतही हिशेब आटोक्यात राहतो.

वरचा थर

कार्नोबा हे वनस्पतीपासून मिळणारं वॅक्स काळ्यावर फार सुंदर दिसतं, पण पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात महिना-दीड महिनाच टिकतं. सीलंट तीन ते सहा महिने. शोरूममध्ये टेफ्लॉन कोटिंग म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा सीलंटच असतं. सिरॅमिक कोटिंग चांगलं लावलं तर दोन-तीन वर्षं. त्याच्या जाहिरातीतला ‘९एच’ पेन्सिलने मोजलेला कठीणपणा आहे, दगडांच्या मोह्स मापावरचा नाही. थराची जाडी एक-दोन मायक्रॉनच्या आसपास, त्यामुळे बेसाल्टची धूळ आणि फडका त्यावरही रेघ ओढतात. कोटिंगचा खरा उपयोग हा की घाण कमी चिकटते आणि धुताना कमी हात लावावा लागतो. पाण्याचे डाग ते थांबवत नाही. उलट पाणी गोल थेंबांत साठतं आणि प्रत्येक थेंबातले क्षार एका ठिपक्यात एकवटतात.

स्वतः लावणार असाल तर दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग घ्या. उन्हाळ्यात द्रव्य फार लवकर धरतं, बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा आधीच पुसायला घ्या. कुठे गडद डाग राहिला तर लगेच पुसला तरच निघतो, दुसऱ्या दिवशी त्यालाही पॉलिश लागतं. पहिले २४ तास पाणी नाही, आठवडाभर शाम्पू नाही. सहा महिन्यांनी पाणी गोल व्हायचं थांबलं म्हणून कोटिंग गेलं असं लगेच धरू नका, वर धुळीचा आणि क्षारांचा थर बसलेला असतो. आयर्न रिमूव्हर आणि एक नीट शाम्पू धुणं करून बघा, पुष्कळदा परत येतं.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर नेहमी जाणं असेल तर खर्च कोटिंगवर कमी आणि फिल्मवर जास्त करा. पीपीएफ ही १५० ते २०० मायक्रॉनची पॉलियुरेथेनची फिल्म असते. ट्रकच्या चाकांतून उडणारे खडे ती झेलते, आणि तिच्यावरच्या बारीक रेघा उन्हात भरून येतात. पूर्ण गाडीला परवडत नसेल तर पुढचा बंपर, बॉनेट, आरसे आणि दारांच्या हँडलमागची खोलगट जागा एवढं पुरे. हँडलमागे नखांच्या आणि अंगठ्यांच्या रेघा रोज पडतात. काळ्यावर फिल्म लावताना आत अडकलेला एकेक धुळीचा कण दिसतो, म्हणून लावून घेण्याची जागा बंद आणि ओल्या फरशीची आहे का ते आधी जाऊन बघा.

फिल्म नसताना खडा लागून पांढरा ठिपका पडलाच, तर तो पावसाच्या आत भरा, नाहीतर पत्रा गंजू लागतो. अल्कोहोलने साफ करा, कंपनीच्या रंग-कोडचा टच-अप रंग टूथपिकच्या टोकावर घ्या आणि खड्ड्याच्या मधोमध ठेवा. एका वेळी पातळ थर, दोन थरांमध्ये अर्धा-पाऊण तास, कडेच्या पातळीला येईपर्यंत. शेवटी क्लिअरचा एक थर. रंगाचा कोड दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेला असतो. सॉलिड काळा आणि मेटॅलिक काळा यांचे कोड वेगळे असतात, दुकानात नुसतं ‘काळा द्या’ म्हणू नका.